हेलपाटा मोजा: बीडमध्ये कार्यालय चालवणाऱ्यांसाठी

बीडला बदलीचा आदेश निघाला की अधिकारी चौकशी करतात ती क्वार्टरची, मुलांच्या शाळेची आणि स्थानिक राजकारणाची. इथली माणसं गावात कधी असतात, हे सहसा कुणी विचारत नाही. बीडमध्ये कार्यालय चालवायचं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या, म्हणजे ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मधल्या काळात घरी असतात म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं. आता शासनाचं वेळापत्रक पाहा. ॲग्रिस्टॅकमधल्या शेतकरी ओळख क्रमांकाची मोहीम राज्यात सुरू झाली ती २०२४ च्या डिसेंबरात. म्हणजे सातबारा पाटोद्यात, शेतकरी कोल्हापूरकडच्या फडात, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर यायचा त्याचं रिचार्ज संपलेलं, असं व्हायचा हा काळ. अशा वेळी अडचण आधी ओळखून तोड काढायची, हे कार्यालयप्रमुखाचं काम आहे. ते कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

तहसील, पंचायत समिती, नगरपालिका, आरोग्य केंद्र, भूमी अभिलेख अशा कार्यालयांची जबाबदारी ज्यांच्याकडे आली आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुमच्याकडे ॲप येतील, पोर्टल येतील, डॅशबोर्ड येतील, गुणांकन येईल. प्रत्येक वेळी एकच पट्टी लावा: यामुळे समोरच्या माणसाचा एक हेलपाटा वाचला का? वाचला नसेल तर संगणक आला, पण काम जिथल्या तिथेच आहे.

आधी टेबल, मग संगणक

विस्कटलेलं दप्तर स्कॅन केलं तर विस्कटलेलं दप्तरच संगणकात जातं. हे ओळखणारा प्रयोग बीडच्या शेजारीच झाला होता. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची मांडणी बदलली, अभिलेखांचं वर्गीकरण करून घेतलं, कोणाकडे किती प्रकरणं पडून आहेत हे दिसेल अशी व्यवस्था लावली. तेव्हा टेबलावर संगणक नव्हते. तरीही ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर पोचला. पुढे पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ राबवली, तिचाही पाया दप्तराची शिस्त हाच होता.

सहा गठ्ठा पद्धत बहुतेक कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असते, टेबलावर मात्र क्वचित दिसते. रुजू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत एखाद्या शुक्रवारी दुपारी एकेका लिपिकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि गठ्ठे लावून घ्या. कार्यवाहीसाठी प्रलंबित, दुसऱ्याच्या उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली, नियतकालिकं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. कपाटावरचं ओझं खाली उतरलं की बरंचसं ‘प्रलंबित’ काम प्रत्यक्षात संपलेलं असतं, फक्त बंद केलेलं नसतं, असं आढळेल. ‘प्रतीक्षेत’ या गठ्ठ्यावर विशेष नजर ठेवा. तिथे दडलेलं प्रकरण कुणाचंच नसतं. अर्जदाराला सांगतात ‘वर पाठवलंय’, आणि वरचे म्हणतात ‘खालून आलं नाही’. त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर कोणाला, कधी विचारलं आणि स्मरणपत्र कधी द्यायचं, एवढं लिहून घ्या.

यामागे कायदाही आहे. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम सांगतो की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाचा संबंध नसेल तर ४५ दिवसांत, असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. ही मुदत कर्मचाऱ्यांना धाक म्हणून ऐकवू नका. सोमवारच्या आढाव्यात एकच यादी मागा: सात दिवस उलटलेली प्रकरणं आणि प्रत्येकापुढे एका ओळीत कारण. कारण ‘साहेबांकडे’ असं निघालं तर ती यादी तुमचीही आहे.

दोन नोंदवह्या चालवू नका

२०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांचा १०० दिवसांचा आणि पाठोपाठ १५० दिवसांचा कार्यक्रम आला. संकेतस्थळ, तक्रार निवारण, ई-ऑफिस, कार्यालयातलं पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह यांचीही दखल घेतली जाऊ लागली. हे चांगलंच आहे. पण गुणांच्या घाईत एक रोग बळावतो. आवक टपाल लिपिक आधी वहीत लिहितो, मग ई-ऑफिसला चढवतो, मग साहेबांना एक्सेलचा तक्ता देतो आणि शेवटी त्याच तक्त्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. एका कागदाची नोंद चार वेळा. असा लिपिक तंत्रज्ञानाला वैतागला तर त्याला जुनाट म्हणू नका.

उपाय सोपा आहे, फक्त धाडस लागतं. नवी पद्धत काही दिवस जुनीच्या जोडीने चालवा, दोन्हींतल्या नोंदी जुळतात का ते स्वतः पडताळा आणि मग जुनी नोंदवही अमुक तारखेपासून बंद, असा लेखी आदेश काढा. तो आदेश नसेल तर कर्मचारी वही सोडणार नाही, कारण उद्या तपासणीला आलेला अधिकारी वहीच मागेल ही त्याची भीती खरी असते. वरच्या कार्यालयाने तक्ता मागितला तर तो खाली ढकलण्याआधी ती माहिती आपल्याच संगणकात आहे का बघा. बहुतेकदा ती असते, फक्त काढता येत नसते.

व्हॉट्सॲपबाबत तीन नियम पहिल्याच बैठकीत सांगा. ग्रुपवर आलेला निरोप म्हणजे आदेश नव्हे, आदेश कागदावर किंवा ई-ऑफिसवर येईल. संध्याकाळी सव्वासहानंतर आपत्ती, कायदा-सुव्यवस्था, निवडणूक एवढ्याच कारणांसाठी निरोप. नागरिकाचं आधार कार्ड, आजार, बँक खातं ग्रुपवर टाकायचं नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी सकाळी ‘तातडीने माहिती द्या’ असा निरोप सारखा येत राहिला तर तो आठवडा कागदावरच राहतो, आणि माणसं तातडीचा निरोपही वाचेनाशी होतात.

डोंगल आपल्याच खिशात

अनेक कार्यालयांत साहेबांची डिजिटल सही ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असते आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. ‘दिवसाला दीडशे दाखले, साहेब कुठवर बसणार?’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण त्या सहीने निघालेल्या प्रत्येक दाखल्याला आणि प्रत्येक फेरफाराला जबाबदार तुम्ही आहात. रोज ठरलेल्या दोन वेळा लावून घ्या, स्वतः बसा, आणि दहातला एक अर्ज उघडून मूळ कागदाशी ताडून पाहा. हे कळलं की खालची छाननी आपोआप सुधारते.

पडताळणी सैल राहिली की काय होतं, हे बीडइतकं कुणी पाहिलं नसेल. २०२० च्या खरिपात या जिल्ह्याचा पीक विमा घ्यायला कंपन्या तयार होईनात. तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनीबरोबर वेगळं सूत्र ठरलं. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर ती कंपनीने द्यायची, त्यापुढचा भार राज्याने उचलायचा. भरपाई कमी निघाली तर २० टक्के कंपनीने ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची. हाच ‘बीड पॅटर्न’, ज्याची चर्चा पुढे देशभर झाली. एका जिल्ह्याच्या अडचणीतून धोरण निघू शकतं, याचा हा नमुना आहे. पुढे २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आला, अर्ज भरणं एकदम सोपं झालं, आणि त्याच बीडचं नाव बोगस अर्जांसाठी गाजलं. दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणं बाहेर आली. २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली आणि त्याची झळ खऱ्या शेतकऱ्यालाही बसली. अर्ज सोपा करताना त्यामागची तपासणी तितकीच पक्की करावी लागते. सातबारा, ई-पीक पाहणी आणि अर्ज एकमेकांशी जुळतात का, हे पैसे वाटण्याआधी बघायचं असतं.

ज्याच्या हातात मोबाइल, त्याला आधी विचारा

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन जुने आणि कमी क्षमतेचे होते, पोषण ट्रॅकर ॲप त्यावर धड चालत नव्हतं, आणि त्यातली भाषा इंग्रजी होती. सेविकांना मोबाइल नको होता असं नाही. चालणारा हवा होता, आणि मराठीत हवा होता. ॲप ठरवणाऱ्यांनी एखाद्या अंगणवाडीत बसून एका बाळाची नोंद स्वतः करून पाहिली असती, तर हे आंदोलनाआधीच कळलं असतं.

कोणतंही नवं ॲप आलं की तुमच्या तालुक्यात हीच चाचणी घ्या. दोन कर्मचारी निवडा, एक रस्त्याकडेच्या गावातला आणि एक बालाघाटाच्या डोंगरातल्या, रेंज नसलेल्या वस्तीवरचा. त्यांच्याबरोबर जाऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत एक नोंद करा. एका नोंदीला किती मिनिटं लागली? रेंज नसताना माहिती साठते की उडते? फोटो किती वेळा परत घ्यावा लागला? चूक दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? ही उत्तरं लिहून वरिष्ठांना पाठवा. ‘ॲप चालत नाही’ या वाक्याला मुंबईत कुणी दाद देत नाही. ‘या चार गावांत एका नोंदीला इतकी मिनिटं लागतात आणि या पायरीला ॲप बंद पडतं’ असं लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

प्रशिक्षणही सभागृहात प्रोजेक्टर लावून उरकू नका. जो कर्मचारी शिकला त्याने शेजारच्या सजातल्या दोघांना शिकवायचं, असं ठरवा. निवृत्तीला आलेल्या अव्वल कारकुनाला संगणक नीट येत नसेल, पण कुळकायद्याची जुनी नोंद कुठे शोधायची हे त्यालाच ठाऊक असतं. त्याच्या शेजारी नवा भरती झालेला मुलगा बसवा. वर्षभरात दोघांचंही अडणार नाही. आणि प्रत्येक टेबलाला दुसरा माणूस नेमा, म्हणजे ‘ते सुट्टीवर आहेत’ हे उत्तर खिडकीवर कुणाला ऐकावं लागणार नाही.

त्रुटी एकदाच सांगा

समजा, शिरूर कासारच्या एका वस्तीवरची मुलगी नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढायला आली आहे. प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर. पहिल्या दिवशी सांगितलं, वडिलांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा नाही. तो आणला तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावाची वेलांटी वेगळी. ते निस्तरलं तर सर्व्हर बंद. तीन हेलपाट्यांत तिचं एसटीचं भाडं गेलं आणि सोबत आलेल्या वडिलांचे तीन रोज बुडाले. तुमच्या डॅशबोर्डवर मात्र हा अर्ज मुदतीत निकाली निघालेला दिसेल, कारण त्याची नोंद चौथ्या फेरीलाच झाली.

म्हणून मुदत मोजायची ती पहिल्या फेरीपासून. अर्ज अपुरा असला तरी घ्या, पोच द्या आणि सगळ्या त्रुटी एकाच कागदावर लिहून द्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे. पदनिर्देशित अधिकाऱ्याने सेवा नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं. त्यावर प्रथम अपील, द्वितीय अपील आणि शेवटी आयोग अशी वाट आहे, आणि विनाकारण चालढकल केली तर ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सेवांची यादी, मुदत, शुल्क आणि अपिलीय अधिकाऱ्याचं नाव असलेला फलक कार्यालयाच्या दारात, उभ्याने वाचता येईल अशा अक्षरांत लावा. शपथपत्राची गरज नसताना ते मागितलं जातंय का, हेही बघा. २०१५ पासून बऱ्याच कामांना स्वयंघोषणापत्र चालतं, तरी खिडकीबाहेरचे टंकलेखक आणि एजंट जुनीच यादी सांगत असतात.

नियम आधी स्वतःला

ऑक्टोबर २०१९ मध्ये बीडचे तत्कालीन जिल्हाधिकारी आस्तिककुमार पांडेय यांच्या पत्रकार परिषदेत चहा प्लॅस्टिकच्या कपांतून आला. जिल्ह्यात प्लॅस्टिकबंदीची कारवाई सुरू होती. पांडेय यांनी स्वतःलाच पाच हजारांचा दंड ठोठावला. ही बातमी देशभर गेली, पण तिचा खरा उपयोग कार्यालयात झाला असणार. त्यानंतर नियमाला बगल द्यायला ‘साहेबांकडे पण असतंच की’ ही सबब उरत नाही. तुम्ही बायोमेट्रिक हजेरी लावत नसाल, तुमच्या फायली ई-ऑफिसऐवजी हाताने फिरत असतील, तर खालच्यांना सांगायचं तोंड राहत नाही.

दुसरं उदाहरण जास्त नाजूक आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४ मधल्या हत्येनंतर जिल्ह्यातलं जातीय वातावरण तापलं. पोलीस अधीक्षक नवनीत कांवत यांनी २०२५ मध्ये पोलिसांच्या नामफलकांवर आणि छातीवरच्या पट्टीवर आडनाव न लावता फक्त नाव ठेवायला सांगितलं. पाटीने जात जात नाही, हे खरं. पण खिडकीवर आलेल्या माणसाला ‘हा आपला, तो त्यांचा’ असा हिशेब करायला लावू नये, एवढं तरी कार्यालयाच्या हातात आहे. तुमच्याकडे टोकन क्रमांकाने हाक द्या. रांगेतला माणूस पुढे कसा सरकला, हे सगळ्यांना दिसू द्या. संगणकाचा सर्वांत मोठा फायदा वेग नाही, क्रम आहे. आधी आलेल्याचं आधी होतं, हे लोकांना पटलं की शिफारशीचे फोन बंद झाले नाहीत तरी कमी नक्की होतात.

विचारल्याशिवाय आकडा कळत नाही

ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्याआधी ही माहिती कुठल्याच डॅशबोर्डवर नव्हती. दवाखान्यांच्या नोंदी होत्या, योजनांचे आकडे होते, पण बायकांना घरी जाऊन कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली.

तुमच्या कामातही असं एखादं दुखणं असतं, जे कुठल्याच रकान्यात बसत नाही. महिन्यातून एक दिवस आशा, सेविका, कोतवाल, ग्रामपंचायत अधिकारी यांना बोलवा आणि एवढंच विचारा: तक्त्यात न मावणारं काय चाललंय? जे कळेल त्यातली एक गोष्ट तरी पुढच्या महिन्यात मोजायला घ्या.

वेळापत्रक बीडचं हवं

वर्षाचं नियोजन आर्थिक वर्षावर न बांधता ऊसतोडीच्या हंगामावर बांधा. पाडव्यानंतर माणसं परततात, तेव्हा वारस नोंदी, आधार दुरुस्ती, रेशनकार्डावरची नावं, जन्मनोंदी यांची शिबिरं गावात घ्या. कारखान्यावर जन्मलेल्या बाळाची नोंद राहून गेलेली असते. निकालाच्या आधीच, एप्रिल-मे महिन्यांत शाळा-महाविद्यालयांतून दाखल्यांचे अर्ज भरून घ्या, म्हणजे जूनची झुंबड ओसरेल. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. खरिपात शेतकरी गावात असतो, तेव्हाच कोतवाल, कृषी सहायक आणि शाळेतली मोठी पोरं मदतीला घेऊन ती पुरी करा.

सप्टेंबरपासून दसऱ्यापर्यंतचे दिवस सर्वांत मोलाचे. त्या काळात प्रत्येक वाडीत एकच शिबिर भरवा आणि सगळी खाती एका मंडपात बसवा. जाणाऱ्याचं नाव, चालू असलेला मोबाइल, कारखान्याचं गाव आणि मुकादम, एवढं लिहून घ्या. रेशनकार्ड देशात कुठेही चालतं, त्यासाठी आधार जोडलेलं आहे का ते तपासा आणि जाणाऱ्याला सांगा. मागे राहणाऱ्या पोरांची हंगामी वसतिगृहासाठी यादी करा. गरोदर बायकांची नावं तिकडच्या आरोग्य केंद्राला कळवा. मग नोव्हेंबर ते मार्च गावात माणूस नसताना अंगठा, फोटो, ओटीपी लागेल अशी मोहीम शक्यतो लावू नका. वरून आलीच तर किती कुटुंबं बाहेर आहेत याची यादी जोडून मुदतवाढ मागा. त्या महिन्यांत अभिलेख लावा, प्रशिक्षण घ्या, ई-ऑफिस पक्कं करा.

खुर्ची सोडताना

२०१३ मध्ये सुनील केंद्रेकर यांची बीडच्या जिल्हाधिकारी पदावरून बदली झाली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी केलेल्या कामावरचा तो विश्वास होता. पण २०१९ ते २०२५ या काळात त्याच खुर्चीवर किमान सहा अधिकारी येऊन गेले. म्हणून कामाची घडी अशी बसवा की तुमच्या नावाची गरज उरणार नाही. कोणतं काम कोणाकडे, पासवर्ड बदलण्याची पद्धत, अर्धवट राहिलेली प्रकरणं, हंगामाचं वेळापत्रक, हे सगळं चार पानांत लिहून उत्तराधिकाऱ्याच्या हाती द्या.

आणि रुजू झाल्या दिवसापासून खिडकीवर एक साधी नोंद सुरू करा: आज आलेल्यांपैकी त्याच कामासाठी दुसऱ्यांदा आले किती? हा आकडा महिनाअखेरीस फलकावर लिहा, लपवू नका. तीन महिन्यांत तो खाली आला नाही, तर नवं ॲप मागवण्याआधी आपल्या कार्यालयातलं कोणतं टेबल माणसाला परत पाठवतंय, ते शोधा आणि तिथून कामाला लागा.